जुन्या मोटरसायकलचे इंडिकेटर: आधी खूण ओळखा, मग पेचकस हातात घ्या

इंडिकेटर बंद पडला की आपल्याकडे पहिला बळी फ्लॅशरचा, म्हणजे दिवा लुकलुकवणाऱ्या छोट्या डबीचा जातो. दुकानात जायचं, नवा फ्लॅशर आणायचा, जुन्याच्या जागी खोचायचा. चालला तर चालला. नाही चालला तर "जुनी गाडी आहे, चालायचंच" म्हणून विषय संपतो आणि पुढची कित्येक वर्षं ती गाडी इंडिकेटरशिवाय धावते. मला हे अजिबात पटत नाही. दिवाळीनंतर दिवस लहान होतात. सहा-साडेसहाला गावच्या फाट्यावर उजवीकडे वळायचं असतं, मागून कापसाचा ट्रक येत असतो, समोरून बिनलाइटची ट्रॉली. आपण वळणार हे मागच्या ड्रायव्हरला सांगणारा तिथे एकच असतो, तो दहा वॅटचा पिवळा दिवा. आणि तो दुरुस्त करायला बहुतेक वेळा नवा पार्ट लागतच नाही.

हा लेख १०० ते १२५ सीसीच्या, कार्बोरेटरवाल्या, १२ व्होल्टच्या जुन्या गाड्यांसाठी आहे: हिरो होंडा स्प्लेंडर, सीडी, पॅशन, बजाज बॉक्सर, प्लॅटिना, टीव्हीएस व्हिक्टर आणि त्यांच्या जातीच्या. २०२० नंतरच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत वायरी जोडून बघण्याचे खालचे प्रयोग करू नका, त्यांचं कंट्रोल युनिट महाग असतं. फार जुनी गाडी ६ व्होल्टचीही असू शकते, म्हणून सुरुवातीलाच बॅटरीवर काय लिहिलंय ते वाचून घ्या.

वीज कुठून कुठे जाते

बॅटरीच्या प्लसमधून वीज फ्यूजला येते. तिथून चावीच्या स्विचला, मग फ्लॅशरला, मग हँडलच्या डाव्या बाजूच्या इंडिकेटर स्विचला. स्विच डावीकडे सरकवला की डावीकडच्या दोन बल्बांना, उजवीकडे सरकवला की उजवीकडच्या दोघांना. बल्बमधून निघाली की अर्थिंगच्या, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या किंवा अर्थिंगच्या वायरीच्या वाटेने बॅटरीच्या मायनसला परत. हा रस्ता डोक्यात बसला की अर्धं काम झालं, कारण पुढे आपण फक्त एवढंच शोधणार आहोत की वीज यातल्या कोणत्या नाक्यावर अडली.

"लाइट तं फुल लागते ना भाऊ, मंग बॅटरी कशी खराब असन?" हा प्रश्न गावोगावी ऐकू येतो. उत्तर असं की यातल्या बहुतेक जुन्या गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर चालतच नाही. इंजिन सुरू झालं की मॅग्नेटच्या कॉइलमधली वीज आरआर युनिटच्या (व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर) ताब्यातून सरळ हेडलाइटला जाते. रेस दिली की लाइट वाढतो तो त्याचमुळे. हॉर्न, इंडिकेटर आणि बहुतेक गाड्यांत ब्रेक लाइट मात्र बॅटरीवर असतात. किकवाल्या पुष्कळ गाड्यांच्या सीडीआयलाही (प्लगला ठिणगी देणारी डबी) बॅटरी लागत नाही, म्हणून बॅटरी पार मेलेली असली तरी गाडी एका किकमध्ये सुरू होते आणि मालकाला वर्षभर पत्ता लागत नाही. तेव्हा हेडलाइट बघून बॅटरीचा निवाडा करू नका. हॉर्न दाबून करा, तोही इंजिन बंद ठेवून.

वायरींचे रंग माहीत असले की शोध सोपा जातो. होंडाच्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये चावीनंतरचा प्लस काळा, फ्लॅशरमधून स्विचला जाणारी वायर राखाडी, डावी बाजू नारिंगी, उजवी आकाशी आणि अर्थिंग हिरवं. यामाहात वेगळं असतं: चावीनंतरचा प्लस तपकिरी, फ्लॅशरनंतर तपकिरीवर पांढरी रेघ, डावी बाजू गडद चॉकलेटी, उजवी गडद हिरवी आणि अर्थिंग काळं. म्हणजे होंडात काळी वायर प्लस आणि यामाहात तीच मायनस. गाडी बदलली की रंगावर विसंबून वायर जोडू नका. शिवाय वीस वर्षांच्या गाडीत मधे कोण्या मिस्त्रीने मिळेल त्या रंगाचा तुकडा जोडलेला असतोच.

गाडी न उघडता निदान

चावी चालू करा, इंजिन बंद ठेवा. हॉर्न दाबा, डावा इंडिकेटर लावा, उजवा लावा, चारही बल्ब फिरून बघा. एवढ्यावर बराच उलगडा होतो.

हॉर्नही मेलेला किंवा घोगरा असेल तर बॅटरी, फ्यूज किंवा चावीचा स्विच. हॉर्न खणखणीत आणि दोन्ही बाजूंचे इंडिकेटर गप्प असतील तर फ्लॅशर, हँडलचा स्विच किंवा त्यांच्यामधली वायर. एक बाजू नीट आणि दुसरी भराभर लुकलुकते किंवा नुसती पेटून राहते, तर फ्लॅशर चांगला आहे, त्याला हात लावू नका. दुसऱ्या बाजूचा एखादा बल्ब उडालाय, होल्डर गंजलाय किंवा त्याचं अर्थिंग गेलंय. फ्लॅशरला दोन बल्बांचा भार ठरवून दिलेला असतो. एक बल्ब गेला की भार अर्धा होतो आणि त्याची चाल बिघडते. कोणता फ्लॅशर घाई करतो, कोणता अडकून बसतो, हे त्याच्या बनावटीवर असतं.

दोन्ही बाजू पेटतात पण लुकलुकत नाहीत, तर आधी बॅटरी तपासा, फ्लॅशर नंतर. बंद इंजिनवर मंद आणि रेस दिली की नीट, हीही बॅटरीचीच तक्रार. हँडल एका बाजूला वळवलं की बंद होतो, तर हेडलाइटच्या मागे मुंडीपाशी वायर तुटलेली आहे. गाडी धुतल्यावर किंवा पावसात बंद, उन्हात चालू, तर स्विचमध्ये किंवा होल्डरमध्ये पाणी. आणि इंडिकेटर लावला की त्याच तालात मागचा लाल दिवा मंद लुकलुकतो, किंवा ब्रेक दाबला की इंडिकेटर थांबतो, तर मागचं अर्थिंग नक्की गेलंय. परतीचा रस्ता बंद झाल्यामुळे वीज शेजारच्या बल्बमधून वाट काढत असते.

हत्यारं

फुलीचा पेचकस, १० चा पाना, पक्कड, बारीक पॉलिश पेपर, थोडं व्हॅसलिन. आणि सगळ्यात उपयोगी, घरीच बनवलेला टेस्ट लॅम्प: जुन्या होल्डरमध्ये १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब, त्याला हातभर लांबीच्या दोन वायरी, एकीला चिमटा.

मल्टिमीटर असेल तर उत्तम, पण या कामात मी टेस्ट लॅम्पवर जास्त भरवसा ठेवतो. इंडिकेटरच्या एका बाजूला १० वॅटचे दोन बल्ब, म्हणजे २० वॅट, म्हणजे साधारण १.७ अँपिअर. आतून तुटून दोन-तीन तारांवर लटकलेली वायर मीटरला पूर्ण १२ व्होल्ट दाखवते, कारण मीटर जवळजवळ काहीच वीज ओढत नाही. बल्ब लावला की तीच वायर हात टेकते. टेस्ट लॅम्प तिथे लगेच मंद होतो.

बॅटरी आणि फ्यूज

गाडी तीन-चार तास उभी ठेवून मीटर लावा. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ च्या खाली असेल तर ती रिकामी आहे. आता इंडिकेटर लावून ब्रेक दाबा. आकडा ११.५ च्याही खाली कोसळत असेल तर आत जीव राहिलेला नाही. मग इंजिन सुरू करून मध्यम रेसवर बघा: साधारण १३.५ ते १४.५ आला म्हणजे चार्जिंग ठीक. आकडा हलतच नसेल तर कॉइल, आरआर युनिट किंवा त्यांचा कपलर (वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा सॉकेट) बघावा लागेल. १५ च्या वर जात असेल तर आरआर युनिट बिघडलंय, आणि त्याच्यामुळेच बल्ब वरचेवर उडत असतील.

मीटर नसेल तर ट्रॅक्टर आहे. त्याची बॅटरीही १२ व्होल्टची असते. गाडीची बॅटरी पूर्ण सोडा आणि गाडीच्या दोन वायरींना ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून प्लसला प्लस, मायनसला मायनस वीज द्या. प्लसच्या वायरीत फ्यूज हवाच. एवढी मोठी बॅटरी शॉर्ट झाली तर वायर क्षणात लालबुंद होते. इंडिकेटर झकास चालू लागले की दोष तुमच्या बॅटरीचा, बाकी काही उघडायची गरज नाही.

बॅटरी चार्जिंगला देताना एक गोष्ट ठामपणे सांगा. किकवाल्या गाडीची बॅटरी बहुधा २.५ एएचची (अँपिअर-अवर) असते. तिला तिच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याने, म्हणजे पाव अँपिअरने, सावकाश चार्ज करायचं असतं. बाजारच्या दिवशी दुकानात ती ट्रॅक्टरच्या बॅटऱ्यांच्या रांगेत जोडली गेली तर रांगेतला मोठा करंट तिच्यातूनही जातो, आतलं पाणी उकळतं, प्लेटा वाकतात. "लहान आहे, वेगळी लावा" एवढं म्हणायला संकोच करू नका.

पाण्याची बॅटरी असेल तर पातळीच्या रेघेपर्यंत फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. बोअरचं पाणी नको. दर्यापूर, तेल्हारा, संग्रामपूरकडच्या खारपाणपट्ट्यात तर मुळीच नको. तिथल्या पाण्यातले क्षार बॅटरी मारतात आणि त्याच पाण्याने गाडी धुतली की होल्डर आणि अर्थिंगचे बोल्टही लवकर खातात. कमी झालेल्या पाण्याच्या जागी ॲसिड घालायचं नसतं. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर आधी मायनस सोडा, मग प्लस. खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने टर्मिनल साफ करा, कोरडे करा, घट्ट बसवा, वरून व्हॅसलिन.

फ्यूज बॅटरीजवळच्या छोट्या डबीत असतो. काचेचा असेल तर आतली तार शाबूत दिसली तरी दोन्ही टोकांच्या टोप्या घासून घ्या, गंज तिथेच धरतो. उडाला असेल तर त्याच अँपिअरचा नवा घाला. सिगारेटच्या पाकिटाची चांदी किंवा तांब्याची तार गुंडाळू नका. त्यानंतर शॉर्ट झालं तर फ्यूजऐवजी टाकीखालची वायरिंग जळते, आणि वर पेट्रोल असतं.

बल्ब, होल्डर आणि अर्थिंग

माझ्या मते जुन्या गाडीच्या इंडिकेटरच्या निम्म्याहून अधिक तक्रारी इथेच संपतात, म्हणून इथे वेळ द्या.

काचेचा स्क्रू सोडा. मेच्या उन्हात उभं राहून राहून हे प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं, जोर लावू नका. बल्ब आत दाबून डावीकडे फिरवला की निघतो. फिलामेंट तुटली आहे का, काच काळी पडली आहे का, बघा. बल्बवर १२ व्होल्ट १० वॅट लिहिलेलं हवं, दोन्ही बाजूंना सारखंच. दुकानदार कधी २१ वॅटचा देतो. तो बसतोही, पण लुकलुकण्याची चाल बिघडते आणि काच आतून वितळू लागते.

बल्बच्या बुडाचा शिशाचा ठिपका आणि बाजूचं पितळ पॉलिश पेपरने घासा. होल्डरच्या आत बोटभर जागेत तेच करा, पण बॅटरीचा मायनस सोडून. तळाची स्प्रिंग दबून बसली असेल तर हळूच वर ओढा. आत काळ्या मातीचा वाळलेला थर असेल तर जुन्या टूथब्रशने काढा. पांदण रस्त्यावर पावसाळ्यात मागच्या चाकाने उडालेला चिखल या भेगांमध्ये जाऊन बसतो आणि ओल धरून ठेवतो.

आता अर्थिंगची परीक्षा. वायरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला लावा. इंडिकेटर चालू ठेवून दुसरं टोक बल्बच्या बाजूच्या पितळेला किंवा होल्डरच्या पत्र्याला टेकवा. मरतुकडा बल्ब एकदम भडकला, तर प्लस नीट येतोय आणि परतीचा रस्ता बंद आहे. दोष सापडला. तळाच्या ठिपक्याला मात्र हे टोक लागू देऊ नका, शॉर्ट होऊन फ्यूज जाईल.

जुन्या गाड्यांत इंडिकेटरची दांडीच पुष्कळदा अर्थिंगचं काम करते. दांडीचा नट गंजला, मडगार्डला रंग मारला, किंवा अपघातानंतर लोखंडाच्या जागी प्लॅस्टिकचा भाग आला, की रस्ता तुटतो. नट उघडा, वॉशरखालचा रंग आणि गंज लखलखीत धातू दिसेपर्यंत घासा, परत घट्ट करा, वर व्हॅसलिन लावा. मागच्या बाजूला तर मी सरळ नवी वायर टाकण्याच्या मताचा आहे: दोन्ही होल्डरांच्या पत्र्याला एक-एक थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी), दोन्ही वायरी एकत्र करून सीटखाली चेसिसच्या मूळ अर्थिंग बोल्टवर. मीटरभर वायरीचं काम आहे, आणि मडगार्ड कितीही गंजला तरी मग फरक पडत नाही.

फ्लॅशर

बल्ब आणि अर्थिंग ठीक असेल तरच इकडे या. फ्लॅशर सीटखाली, साइड पॅनेलमागे किंवा हेडलाइटजवळ रबरात बसवलेला असतो. चावी चालू, इंजिन बंद. दोन पिनांचा असेल तर फ्लॅशर काढून त्याच्या कपलरमधल्या दोन्ही वायरी एका तुकड्याने जोडा आणि स्विच डावीकडे करा. डावे दोन्ही बल्ब न लुकलुकता पेटून राहिले, तर फ्लॅशर गेलेला आहे. नाही पेटले, तर दोष दुसरीकडे आहे, नुसता नवा फ्लॅशर आणून काही होणार नाही. टेस्ट लॅम्पचा चिमटा मायनसला लावून दुसरं टोक येणाऱ्या वायरीला लावा. लॅम्प पेटला तर इथपर्यंत वीज आली आहे, अडचण पुढे स्विचमध्ये. नाही पेटला तर मागे, चावीच्या स्विचपाशी किंवा कपलरमध्ये.

तीन पिनांचा असेल तर तिसरी पिन अर्थिंगची असते. तिला बाकीच्या दोघींशी चुकूनही जोडू नका. नवा घेताना जुना सोबत न्या: १२ व्होल्ट, पिना तेवढ्याच, त्यांचा क्रम तोच आणि १० वॅटच्या दोन बल्बांसाठीचा.

हँडलचा स्विच आणि वायरी

स्विच उघडण्याआधी खाली फडकं पसरा. आत बारीक स्प्रिंग आणि गोळी असते, ती उडाली की मातीच्या अंगणात सापडत नाही. जुनं ग्रीस धुळीने घट्ट होऊन तांब्याच्या पट्ट्यांवर काळा थर झालेला दिसेल. तो कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा. पेट्रोलच वापरणार असाल तर बॅटरी सोडून, मोकळ्या हवेत, आणि पूर्ण वाळल्याशिवाय चावी लावू नका. पट्ट्या हलक्या हाताने घासा, व्हॅसलिनचं बोट फिरवा. इंजिन ऑइल ओतू नका, ते धूळ धरतं.

वायर तुटण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: हँडल वळतं तिथे मुंडीपाशी, टाकीखाली क्लिपमध्ये दाबलेली, आणि मागच्या मडगार्डच्या भोकातून जाते तिथे. चौथी जागा उंदराची. सोयाबीनची पोती आणि गाडी एकाच खोलीत असेल तर सीटखालची वायरिंग हप्त्याला बघत जा. वरून साबूत दिसणारी वायर आतून तुटलेली असू शकते. संशय असेल तिथे दोन बोटांत धरून हलका ताण द्या. तुटलेली असेल तर इन्सुलेशन रबरासारखं लांबतं.

जोड देताना नुसती पिळून वर टेप गुंडाळू नका. ४५ अंशांच्या उन्हात त्या टेपचा गोंद पाघळतो आणि जोड उघडा पडतो. स्लीव्ह (तापवली की आकसणारी नळी) आधी वायरीत ओवा, तारा पिळा, डाख द्या (सोल्डरिंग), मग स्लीव्ह तापवून घट्ट करा. मुंडीपाशी वायर थोडी सैल ठेवा आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ताण येत नाही ना, ते बघा.

एलईडी लावायचा असेल तर

एलईडी इंडिकेटर जेमतेम एक-दोन वॅट घेतो. जुन्या फ्लॅशरला तो भार पुरत नाही, म्हणून दिवा भराभर लुकलुकतो किंवा लुकलुकतच नाही. रेझिस्टर जोडण्याचा सल्ला मिळेल, पण रेझिस्टर चांगला तापतो आणि वाचवलेली वीज उष्णतेत घालवतो. एलईडीसाठीचा फ्लॅशर घेणं जास्त शहाणपणाचं. स्पीडोमीटरमध्ये डाव्या-उजव्या दोन्हींना मिळून एकच बाती (इंडिकेटर चालू असल्याची खूण देणारा छोटा दिवा) असेल तर मात्र एक बाजू लावली की चारही लुकलुकतील, कारण त्या बातीतून वीज दुसऱ्या बाजूला पोचते. तिथे वीज एकाच दिशेने जाऊ देणारे दोन डायोड लावून बातीचं दुसरं टोक अर्थिंगला द्यावं लागतं. मला विचाराल तर जुन्या गाडीला साधे दहा वॅटचे बल्बच बरे. कोणत्याही फाट्यावरच्या दुकानात मिळतात.

शेवटची तपासणी

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकायला हवा. घड्याळ लावून १५ सेकंद मोजा: १५ ते ३० च्या दरम्यान आलं की ठीक. पंधरा वर्षं झालेल्या गाडीचं रजिस्ट्रेशन वाढवायला आरटीओत जाल तेव्हाही हे दिवे बघितले जातात. मग इंजिन आयडलवर ठेवून ब्रेक आणि हॉर्नसकट, हँडल दोन्हीकडे वळवून, आणि शेवटी स्विचवर व चारही काचांवर तांब्याने पाणी मारून बघा. घरातल्या कोणाला तरी संध्याकाळी पन्नास पावलं मागे उभं करून विचारा, दिसतो का. काचेचा पिवळा रंग उडून ती पांढुरकी झाली असेल तर आतला बल्ब कितीही चांगला असो, काच बदला.

हे सगळं करूनही एका बाजूला स्विच टाकला की फ्यूज उडतच असेल, तर त्या बाजूची वायर आत कुठेतरी चेसिसला टेकते आहे. मागच्या इंडिकेटरचा कपलर सोडून एकदा बघा, मग पुढचा सोडून. ज्याने फरक पडेल तिकडे दोष. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी न्यायची वेळ आलीच तर हेच त्याला सांगा: "डावी बाजू चांगली आहे, उजवीकडे फ्यूज जातो, मागचा कपलर सोडला की जात नाही." म्हणजे तो टाकी आणि अख्खी वायरिंग उघडणार नाही, सरळ मागच्या मडगार्डपासून सुरुवात करेल. तोवर उजवीकडे वळताना उजवा हात सरळ बाहेर काढून इशारा द्या, आणि अंधारात ती गाडी हायवेवर नेऊ नका.